प्रस्तावना : पाण्याला पंप नाही

शरीरात पाण्यासाठी म्हणून वेगळा पंप नाही. हृदय रक्त ढकलतं, पण ते नळ्यांमधून. आतड्यातून रक्तात, रक्तातून स्नायूच्या पेशीत, मूत्रपिंडातल्या नलिकेतून परत रक्तात असा पाण्याचा प्रवास पेशीच्या पटलातून होतो. त्या वाटेवर पाण्याचा रेणू धरून पलीकडे टाकणारं यंत्र आजवर कुठल्याही सजीवाच्या पेशीत सापडलेलं नाही. पेशी मीठ हलवते, साखर हलवते. पाणी त्यांच्या मागून जातं. आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत घेतात. एवढं पाणी परत आणताना ती पाण्याला हातही लावत नाहीत. सोडियम परत ओढतात. पहाटे अळूच्या पानाच्या टोकाशी थेंब लोंबताना दिसतो, तो पुष्कळदा दव नसून पानातूनच बाहेर आलेला असतो. रात्रभर मुळांनी क्षार आत घेतले, त्यांच्यामागून पाणी आलं, दाब वाढला आणि पानाने ते टोकातून सोडून दिलं.

पेशीपटलातून पदार्थ कसे ये-जा करतात, हा या पुस्तकाचा विषय. शाळेत हा विषय आपल्याला भेटतो तो बेदाण्यांच्या प्रयोगातून. बेदाणे पाण्यात टाकले की फुगतात, साखरेच्या दाट पाकात टाकले की आक्रसतात. मग व्याख्या येतात : विसरण, परासरण, सुलभ विसरण, सक्रिय वहन. त्यांचा तक्ता करायचा, एका रकान्यात ‘ऊर्जा लागते’, दुसऱ्यात ‘ऊर्जा लागत नाही’ असं लिहायचं आणि गुण घ्यायचे. तक्त्यात चूक काही नाही. पण लहान आतड्यातली पेशी अन्नातलं ग्लुकोज आत घेते, ते या तक्त्यात कुठे बसवायचं, असं विचारलं की पंचाईत होते. ग्लुकोज आत आणणारं प्रथिन स्वतः एटीपीचा, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचा, एकही रेणू खर्च करत नाही, आणि तरीही कमी ग्लुकोजकडून जास्त ग्लुकोजकडे, म्हणजे उलट्या दिशेने, ते साखर चढवतं. फुकट तर काहीच चढत नाही. मग पैसे कुणी दिले? पुस्तक लिहिण्यामागे मुख्यतः हाच प्रश्न आहे. पटलावरचं कुठलंही वहन समजून घ्यायचं तर ‘दार उघडं आहे का’ एवढं विचारून भागत नाही. ‘यासाठी कोण उतारावरून खाली आलं’ हे विचारावं लागतं.

आधी पटलाबद्दल थोडं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झुरिकमध्ये चार्ल्स अर्नेस्ट ओव्हर्टन नावाचा संशोधक वनस्पतींच्या पेशी साखरेच्या द्रावणात बुडवून त्यात एकामागून एक रसायनं मिसळून पाहत होता. पेशीतून पाणी निघून ती आक्रसली आणि आक्रसलेलीच राहिली, तर मिसळलेला पदार्थ आत शिरत नाही. आक्रसून पुन्हा फुगली, तर तो शिरतो. अशी शेकडो रसायनं तपासल्यावर त्याला दिसलं की जो पदार्थ तेलात सहज विरघळतो तोच पेशीत सहज शिरतो. अल्कोहोल, ईथर, क्लोरोफॉर्म झटक्यात आत. साखर आणि क्षार बाहेरच. त्यावरून त्याने तर्क केला की पेशीचं आवरण मेदासारख्या द्रव्याचं असावं. हातात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नसताना, आवरण डोळ्यांनी न पाहता केलेलं हे अनुमान होतं. पेशी काही पदार्थ या नियमाला न जुमानता, स्वतः कष्ट घेऊन आत ओढत असणार, हेही ओव्हर्टनला दिसत होतं. ते कसं, हे सांगायला मात्र त्याच्यापाशी साधन नव्हतं.

१९२५ साली नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतला मेद ॲसिटोनने काढला, पाण्याच्या पृष्ठभागावर एका रेणूच्या जाडीचा थर होईपर्यंत पसरवला आणि त्याचं क्षेत्रफळ मोजलं. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. म्हणजे आवरणात मेदाचे दोन थर, पाठीला पाठ लावून. निष्कर्ष अचूक, मोजमाप मात्र दोन ठिकाणी चुकलेलं. ॲसिटोनने सगळा मेद निघत नाही, आणि पेशींचं क्षेत्रफळही त्यांनी कमी धरलं होतं. दोन्ही चुकांनी एकमेकींना खाल्लं आणि उत्तर बरोबर आलं. विज्ञानाच्या इतिहासात असे हिशोब अधूनमधून भेटतात. विद्यार्थ्यांनी परीक्षेत त्यांच्यावर भिस्त ठेवू नये.

पुढच्या घडामोडी पहिल्या प्रकरणात आहेत, इथे त्या पटकन ओलांडतो. या दुहेरी थरात प्रथिनं नुसती वरून चिकटलेली नसून आरपार रुतलेली आहेत आणि थर स्वतः पातळ द्रवासारखा हलता आहे, हे चित्र सिंगर आणि निकोलसन यांनी १९७२ मध्ये मांडलं आणि किरकोळ दुरुस्त्यांसह ते आजही टिकून आहे. मनात ठसवायची गोष्ट वेगळीच आहे : मेदाचा थर क्षारांना किती अडवतो ती. सोडियमच्या आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचं दाट कडं असतं. ते सोडून तेलात शिरायला त्याला एवढी ऊर्जा लागते की नुसत्या मेदाच्या थरातून सोडियम पाण्याच्या तुलनेत सुमारे अब्जपट हळू जातो. थर जेमतेम चार-पाच नॅनोमीटर जाडीचा. पण सोडियमच्या दृष्टीने तो जवळजवळ बंदच. आणि तो बंद आहे म्हणूनच त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या पातळ्या राखता येतात.

त्या पातळ्या राखणारा पंप सापडला खेकड्याच्या पायात. डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठात येन्स स्कौ नावाचे शल्यवैद्य, सुन्न करणारी औषधं चेतातंतूवर नेमकं काय करतात, याचा शोध घेत होते. त्या वाटेने चालता चालता त्यांना किनाऱ्यावरच्या खेकड्यांच्या चेतातंतूंत एक विकर आढळलं. सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही हजर असतील तेव्हाच ते जोमाने एटीपी फोडत होतं. हा शोध १९५७ साली प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षी व्हिएन्नाच्या परिषदेत रॉबर्ट पोस्ट यांनी त्यांना विचारलं, औबेनने हे विकर बंद पडतं का? औबेन हे आफ्रिकेतल्या बाणांच्या विषातलं द्रव्य पेशींतली सोडियमची उपसाउपशी थांबवतं हे तोवर ठाऊक झालं होतं. स्कौंनी मात्र त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. त्यांनी आरहूसच्या प्रयोगशाळेत फोन करून प्रयोग करायला सांगितलं. विकर बंद पडत होतं. सोडियमचा पंप तो हाच. एटीपीचा एक रेणू खर्च करून तो तीन सोडियम आयन बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. यासाठी स्कौंना १९९७ चं अर्धं नोबेल मिळालं, म्हणजे शोधानंतर चाळीस वर्षांनी.

स्वस्थ पडून असतानाही आपल्या शरीराच्या एकूण ऊर्जाखर्चातला अंदाजे पाचवा हिस्सा, कदाचित त्याहून जास्त, या एका पंपावर जातो. एवढा खर्च कशासाठी? रक्तात सोडियमचं प्रमाण लिटरला साधारण १४० मिलिमोल, पेशीच्या आत मात्र दहा ते पंधरा. शिवाय पेशीचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत ऋणभारित, म्हणजे धनभारित सोडियमला आत येण्याची दुहेरी ओढ. पंप सतत सोडियम बाहेर फेकून हा उतार तयार ठेवतो, आणि पेशीतली इतर शेकडो कामं त्या उतारावर चालतात. भंडारदऱ्याजवळच्या घाटघरला उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. तिथे मागणी नसते तेव्हा वीज खर्चून पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज घेतात. पेशीचा सोडियम असाच चढवून ठेवलेला असतो.

आता ग्लुकोजकडे येऊ. ऑगस्ट १९६० मध्ये प्राग शहरात पटल आणि वहन या विषयावर परिसंवाद भरला होता. तिथे रॉबर्ट क्रेन या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाने आतड्यातल्या पेशीचं एक साधं रेखाटन मांडलं. त्याचं म्हणणं असं : ग्लुकोज एकटं आत येत नाही, सोडियमच्या जोडीने येतं. सोडियम आपल्या उतारावरून खाली येतो आणि ग्लुकोजला बरोबर ओढून वर चढवतो. सोडियमचा पंप पेशीच्या दुसऱ्या बाजूला, रक्ताकडच्या अंगाला, चालू असतो. तो आत आलेला सोडियम बाहेर काढत राहतो, म्हणून उतार शिल्लक राहतो. एटीपी एका ठिकाणी खर्च होतो, साखर दुसऱ्याच ठिकाणी चढते. वर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हेच. त्याच परिसंवादाला पीटर मिचेलही हजर होते. पेशी एटीपी बनवते तीही अशाच उतारावर, फक्त तिथे सोडियमऐवजी प्रोटॉन असतात, हा सिद्धान्त त्यांनी पुढच्याच वर्षी मांडला. वर्षानुवर्षं त्यांना विरोध झाला आणि १९७८ मध्ये नोबेल मिळालं.

क्रेनच्या रेखाटनातला वाहक १९८७ मध्ये अर्नेस्ट राइट यांच्या गटाने जनुकापर्यंत जाऊन गाठला. तो ग्लुकोजच्या एका रेणूमागे सोडियमचे दोन आयन घेतो. एक का नाही, दोनच का? मला या विषयात सर्वांत देखणी वाटते ती ही जागा. एका सोडियमला आत येण्याची ओढ प्रमाणातल्या फरकामुळे सुमारे दहापट आणि विद्युतदाबामुळे आणखी साधारण दहापट, मिळून शंभरपट. एकाच सोडियमवर वाहक चालला असता तर त्याने ग्लुकोज फार तर शंभरपट दाट केलं असतं. दोन सोडियम जोडले की शंभराला शंभराने गुणायचं, म्हणजे तत्त्वतः दहा हजार. जेवणानंतर बऱ्याच वेळाने आतड्यात उरलेली किरकोळ साखरही मग सुटत नाही. उत्क्रांतीने हा हिशोब पाटीवर मांडला नाही, पण उत्तर असं आहे खरं.

आणि ग्लुकोज व सोडियम आत गेले की त्यांच्यामागून पाणी जातं. या शेवटच्या वाक्यावर लाखो माणसं जगली आहेत.

कॉलऱ्यात माणूस मरतो तो पाणी संपून. शंभूनाथ दे यांनी १९५० च्या दशकात कलकत्त्यात सशाच्या आतड्याचे भाग बांधून केलेल्या प्रयोगांतून दाखवलं की हे काम जंतूंनी सोडलेल्या विषाचं आहे. जंतू वगळून नुसतं गाळलेलं द्रव टाकलं तरी आतडं पाण्याने भरतं. हे विष पेशीच्या आतल्या संदेशयंत्रणेत घुसून क्लोराइडची एक वाहिनी उघडीच ठेवतं. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत वाहतं, सोडियम त्याच्यामागे, आणि पाणी दोघांच्या मागे. प्रौढ माणूस दिवसात दहा-पंधरा लिटर पाणी असं गमावू शकतो. पण सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आणणाऱ्या वाहकाला हे विष स्पर्श करत नाही. एका वाटेने पाणी बाहेर जात असताना दुसरी वाट उघडी असते. त्या वाटेला मीठ आणि साखर एकदम लागतात. नुसतं मीठपाणी किंवा नुसतं साखरपाणी दिल्याने ती नीट चालत नाही.

क्रेनने सिद्धान्त मांडला आणि डॉक्टरांनी तो वापरला, अशी सरळ गोष्ट बऱ्याचदा सांगितली जाते. ती तशी नाही. कलकत्त्याचे हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना तोंडाने मीठ-ग्लुकोजचं पाणी देऊन बरं केल्याचं १९५३ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं. तेव्हा ते का चालतं हे सांगणारा सिद्धान्त नव्हता आणि लेखाकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी १९६८ मध्ये नेमके आकडे ठेवून चाचणी केली, तेव्हा कुठे ती गोष्ट मान्य होऊ लागली. तरीही शिरेतून सलाइन लावल्याशिवाय हे जमायचं नाही, असंच बहुतेकांचं मत होतं.

१९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धातले निर्वासित लाखोंनी पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या इस्पितळात कॉलऱ्याचे रुग्ण जमिनीवर दाटीवाटीने पडलेले होते आणि सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधं मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं प्रमाण ठरवलं, कलकत्त्यात त्याच्या पुड्या बांधून घेतल्या आणि द्रावण पिंपांतून ठेवून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती पाजायला दिलं. पाजायला परिचारिका लागत नव्हती, हे त्यातलं खरं धाडस. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’च्या संपादकीयाने सोडियम आणि ग्लुकोज यांच्या या जोडणीच्या शोधाला शतकातली कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटलं. महालनबीस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण पुढच्या वर्षी मिळालं.

महाराष्ट्रात हीच ओआरएसची पुडी जलसंजीवनी म्हणून घरोघरी पोचली. आज आशाताईंकडे मिळते ती पुडी २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुधारलेल्या प्रमाणाची. तिच्यात सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही लिटरला ७५ मिलिमोल आहेत आणि सगळ्या विरघळलेल्या कणांची मिळून बेरीज २४५. पूर्वीच्या द्रावणात ती ३११ होती. रक्तात ती २९० च्या जवळपास असते. म्हणजे नवं द्रावण रक्तापेक्षा पातळ आहे, पाण्याला आतड्यातून रक्ताकडे जायला मुळातच उतार मिळतो. यावरून एक गोष्ट उघड व्हावी : जास्त साखर घातली की जास्त फायदा, हे इथे साफ उलटं पडतं. साखर रक्तापेक्षा दाट झाली की पाणी रक्तातून आतड्याकडे निघतं आणि जुलाब वाढतात. बाजारात ओआरएस हे नाव लावून गोड पेयं खपवली जात होती. भारतीय अन्नसुरक्षा व मानक प्राधिकरणाने २०२५ मध्ये त्या नावाच्या वापराला मनाई केली. उशीर झाला, पण झालं ते बरं झालं.

पुडी हाताशी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे घरगुती प्रमाण पाठ असावं. तांदळाच्या पेजेत मीठ घालून देण्याची कोकणातली आणि गोव्यातली पद्धतही शास्त्राला धरून आहे. पेजेतला स्टार्च आतड्यात हळूहळू फुटतो, ग्लुकोज सुटत राहतं, पण स्टार्चच्या एका रेणूत शेकडो ग्लुकोज अडकलेले असल्याने द्रावणातल्या कणांची संख्या मुळात कमी असते. कॉलऱ्यात तांदळाचं ओआरएस उत्तम चालतं, हे चाचण्यांत दिसलं आहे. मात्र यावरून आपल्या पूर्वजांना सोडियम-ग्लुकोजचा वाहक ठाऊक होता असं म्हणण्याचा मोह आवरावा. त्यांना पेज ठाऊक होती, तेवढं पुरे.

पाणी मागून जातं खरं, पण कुठून? मेदाच्या थरातून थोडं झिरपतं. तांबड्या रक्तपेशीतून किंवा मूत्रपिंडाच्या नलिकेतून जातं तेवढं मात्र त्यातून जाणं शक्य नव्हतं. पीटर ॲग्री रक्तगटाच्या आरएच प्रथिनावर काम करत होते, तेव्हा त्यांना एक लहानसं अनोळखी प्रथिन पुन्हा पुन्हा सापडत राहिलं. १९९२ मध्ये त्यांच्या गटाने ते प्रथिन बनवण्याचा जनुकीय संदेश बेडकाच्या अंड्यात घातला आणि अंडी गोड्या पाण्यात सोडली. साधी अंडी तशीच राहिली, संदेश घातलेली फुगून काही मिनिटांत फुटली. हीच पाण्याची वाहिनी, ॲक्वापोरिन. तिच्यातून सेकंदाला अब्जावधी रेणू एका रांगेत जातात, प्रोटॉन मात्र एकही निसटत नाही. लक्षात घ्यावं, ही वाहिनी आहे, पंप नव्हे. ती पाण्याला वाट देते. कुठे जायचं ते क्षारच ठरवतात.

सहाव्या प्रकरणात औषधं आहेत, आणि तिथे हीच गोष्ट उलटी फिरते. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन नावाचं कडू द्रव्य काढलं गेलं. ते दिल्यावर लघवीतून साखर जाते, हे त्याच शतकाच्या अखेरीस कळलं होतं. त्याचं कारण आता माहीत आहे : गाळलेलं ग्लुकोज परत घेणारा मूत्रपिंडातला वाहक, आतड्यातल्या वाहकाचा सख्खा भाऊ, त्याने अडतो. त्याच धाग्यावर बनवलेली डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं आज मधुमेहासाठी सर्रास दिली जातात. लघवीत साखर उतरणं म्हणजे रोग बळावला, असं मानत आलेल्या घरात आता डॉक्टर ती मुद्दाम उतरवतात. आणि साखरेमागून पाणी जातंच, म्हणून ही गोळी सुरू केल्यावर लघवीला जास्त वेळा जावं लागतं. ते बिघाडाचं लक्षण नाही. गोळी काम करते आहे एवढाच त्याचा अर्थ. शरीरातलं पाणी कमी पडू नये याकडे मात्र लक्ष ठेवावं लागतं.

पुस्तकात काय नाही, तेही सांगतो. पेशी मोठे रेणू पटलाच्या घडीत गुंडाळून आत घेते किंवा बाहेर सोडते, तो भाग घेतलेला नाही. त्याचं तर्कशास्त्र वेगळं आहे आणि त्याला स्वतंत्र पुस्तक लागेल. जिवाणूंची प्रतिजैविकं बाहेर फेकणारी यंत्रणा फक्त ओझरती आली आहे. वनस्पतींना मी जितकी पानं दिली त्याहून जास्त द्यायला हवी होती, हे शेतीच्या वाचकांना नक्की जाणवेल. परिभाषा शक्यतो शालेय पुस्तकांतलीच ठेवली आहे. पंप, आयन, ग्लुकोज हे शब्द जसे बोलले जातात तसेच राहू दिले आहेत.

प्रकरणं क्रमाने वाचावीत, कारण प्रत्येकात आधीच्या प्रकरणातला एखादा उतार वापरला आहे. अपवाद चौथ्याचा. त्यात विद्युतदाबाचं गणित आहे, लॉगॅरिथम आहेत, आणि पेन्सिल हातात घेतल्याशिवाय ते पुढे सरकणार नाही. ज्यांना ते नको असेल त्यांनी शेवटच्या आकृतीपर्यंतची पानं उलटून सरळ पाचव्यावर जावं. ती आकृती मात्र पाहून ठेवावी. चेतापेशीतून संदेश कसा जातो हे सांगताना पाचव्या प्रकरणात ती पुन्हा काढलेली नाही.